दोनदा वसलेला धर्मग्राम

चर्चच्या महोत्सवी वर्षात निघणारी स्मरणिका हा आपल्या समीक्षेने कधी हातात न घेतलेला वाङ्मयप्रकार आहे. वसईतल्या जुन्या चर्चच्या अशा स्मरणिका मी बरीच वर्षे जमवत आलो आहे. मुखपृष्ठावर रोषणाई केलेले चर्च, आत महागुरूंचा संदेश, मग आमदार-नगरसेवकांच्या शुभेच्छा, त्यामागे प्रमुख धर्मगुरूंची नावे आणि कारकिर्दीची साले यांचा तक्ता, शेवटी पतपेढ्या, केटरर आणि मंडप-डेकोरेटर यांच्या जाहिराती. मधल्या कुठल्यातरी पानावर ‘आपल्या धर्मग्रामाचा इतिहास’ असतो. पहिल्या वाक्यात साल येते, दुसऱ्यात पोर्तुगीज मिशनरी येतात, तिसऱ्यात चर्च बांधून पूर्ण होते. मग चिमाजी अप्पांच्या स्वारीचा एक परिच्छेद, आणि त्याच्या पुढच्याच ओळीत आपण थेट अलीकडच्या एखाद्या जीर्णोद्धारापाशी पोचतो.

हे लेख हौशी मंडळी रात्री जागून लिहितात, त्यांना संशोधनाचे निकष लावणे बरे नव्हे, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. वसईतल्या बहुतेक कॅथलिक घरांत इतिहासाचे म्हणून जे एक पुस्तक जपून ठेवलेले असते ते हेच. आपण कोण, कुठून आलो, याचे उत्तर पोरे त्यातूनच घेतात. तेव्हा त्या चार पानांत काय आहे यापेक्षा काय गळाले आहे, ते पाहिलेच पाहिजे.

उदाहरणादाखल नंदाखाल घेऊ. तिथल्या पवित्र आत्म्याच्या चर्चचे साल १५७३ असे सांगितले जाते. ते मी मान्य करतो. पण त्या साली स्थापना झाली ती कशाची? चर्चची की धर्मग्रामाची? स्मरणिका या दोन्हींत फरक करत नाहीत आणि माझ्या मते सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. चर्च म्हणजे इमारत. धर्मग्राम म्हणजे माणसे आणि त्यांचे एकमेकांशी असलेले नाते. १९८३च्या चर्चकायद्यातही धर्मग्रामाची व्याख्या भिंतींवरून केलेली नाही; श्रद्धावंतांच्या स्थिर समुदायावरून केली आहे. युरोपीय भाषांत यासाठी जो शब्द आहे तो मुळात ग्रीक ‘पारोइकिया’ या शब्दावरून आलेला. त्याचा अर्थ परक्या मुलखात केलेला वास, पाहुण्यासारखे राहणे. वसईकरांनी त्यासाठी ‘धर्मग्राम’ हा शब्द वापरला. परकेपणाची छटा पुसून त्यांनी तिथे थेट गाव आणून बसवले. कोणी हे ठरवून केले असेल असे नाही, पण या एका शब्दात जेवढा इतिहास आहे तेवढा कित्येक स्मरणिकांच्या चार पानांत नाही.

माणसांचा समुदाय कागदावर कसा दिसतो? वहीत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये फर्मावले की धर्मगुरूने विवाहांची नोंदवही ठेवावी आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममाता-धर्मपिता कोण होते तेही लिहून ठेवावे. पुढे १६१४च्या रोमन विधिग्रंथात स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्यांबरोबर पाचवी एक वही सांगितली आहे: घरोघरची माणसे मोजून लिहायची वही. तिचे लॅटिन नाव मराठीत आणायचे तर ‘आत्म्यांची स्थिती’ असे होईल. नंदाखालचे साल आणि ट्रेंटचा हुकूम यांत अवघे दहा वर्षांचे अंतर आहे. म्हणजे आपले धर्मग्राम जन्मले तेच मुळी वहीच्या युगात. आणि तरीही स्मरणिकेत तक्ता येतो तो वहीत सही करणाऱ्यांचा. ज्यांची नावे आत लिहिली गेली त्यांचा येत नाही.

आता स्थापनेकडे. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यामागून फ्रान्सिस्कन आले, मग जेजुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. किल्ल्यात प्रत्येकाचे चर्च आणि मठ उभे राहिले. बाहेरच्या पट्ट्यात, जिथे वाड्या, विहिरी आणि केळीची बने होती, तिथे गावोगाव चर्च झाले. हे धर्मांतर कसे झाले या प्रश्नावर आपल्याकडे दोन ठरीव उत्तरे आहेत. १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली. तिने एकीकडे असे म्हटले की कुणालाही धाक किंवा जबरदस्तीने श्रद्धेत आणू नये. दुसरीकडे देवळे पाडण्याची आणि हिंदू धर्मोपदेशकांना घालवून देण्याची मागणीही तिनेच केली. धर्मग्रामाचे लेखक यातले पहिले वाक्य आठवतात, मोहिमेचे इतिहासकार दुसरे. दोन्ही वाक्ये एकाच परिषदेची आहेत, हे एकाच पानावर लिहिलेले मला क्वचितच दिसले. ती दोन्ही एकत्र वाचली की त्या काळातल्या शेतकऱ्यापुढे कसली निवड होती याचा थोडा अंदाज येतो. मानेवर तलवार नव्हती. पण देऊळ नव्हते, पुरोहित नव्हता आणि जमिनीचा धनी ख्रिस्ती होता. अशा ठिकाणी ‘स्वखुशी’ आणि ‘सक्ती’ हे दोन्ही शब्द तोकडे पडतात.

आणखी एक गोष्ट. १५७३ पासून इतिहास सुरू करणारे लेखन असे गृहीत धरते की स्नानसंस्काराआधी ही माणसे कुठे नव्हतीच. पण राजवाड्यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ उघडली की उत्तर कोकणातली कुळे, वंश, गावे, वृत्त्या यांची लांबच लांब यादी समोर येते. आजच्या वाडवळ कॅथलिकांचे पूर्वज त्याच जगातले. सामवेदी, वाडवळ, कोळी हे समाज धर्मग्रामात येताना आपापली वाडी, आपापली बोली आणि आपापली सोयरीक सोबत घेऊनच आले. चर्चने त्यांना परेरा, लोपीस, डिमेलो, तुस्कानो अशी आडनावे दिली. पण लग्न कुणात करायचे हे आडनावाने ठरले नाही, जातीने ठरले. आणि ते अजूनही पुष्कळदा तसेच ठरते. स्मरणिकांना हे अडचणीचे वाटत असावे. कादोडी बोलणाऱ्यांचे आणि वाडवळी बोलणाऱ्यांचे बाक चर्चमध्ये एक असले तरी मांडव वेगळे असत, हे लिहिल्याशिवाय समुदाय कसा घडला ते कळणार नाही.

माझा मुख्य मुद्दा मात्र १७३९चा आहे.

मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. मराठीत या घटनेवर भरपूर लिहिले गेले आहे. ‘साष्टीची बखर’ आहे, य. न. केळकरांची ‘वसईची मोहीम’ आहे, शाळेच्या पुस्तकांतला धडा आहे. हे लेखन सुरुंग, तट आणि तहनामा यांपाशी थांबते. त्यातला शेवटचा प्रसंग बहुधा घंटांचा असतो. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा प्रसिद्धच आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला तशीच एक आहे, मेणवलीला आणखी एक. या घंटांवर भक्तिभावाने किंवा अभिमानाने लिहिलेले पुष्कळ सापडते. पण घंटा ही धर्मग्रामाची वस्तू होती. तिच्या आवाजाच्या टप्प्यात जी घरे येत त्यांचा दिवस तिच्यावर चाले: पहाटेची प्रार्थना, दुपार, तिन्हीसांजा, मयताची खबर. ती उतरवून नेल्यावर त्या घरांतल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी पहाटे काय केले असेल, हा प्रश्न मोहिमेच्या इतिहासात येत नाही, कारण तिथे ती माणसे फिरंग्यांच्या बाजूची म्हणून संपलेली असतात. आणि धर्मग्रामाच्या इतिहासातही येत नाही, कारण तिथे धर्मगुरूंच्या यादीला खिंडार पडलेले असते. एका लेखनात ती शत्रूच्या खात्यात जमा, दुसऱ्यात सरळ गहाळ.

तहात ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पण युरोपीय धर्मगुरूंना जावे लागले. उरले ते गोव्याचे आणि इथले एतद्देशीय धर्मगुरू, तेही थोडे. मठांची उत्पन्नाची गावे गेली. राजाश्रय गेला. शुद्धीकरण करून परत घेण्याचे प्रयत्न झाले आणि काही जण परतलेही. शंकराजी केशव हे वसईचे सरसुभेदार निर्मळच्या देवस्थानाचा जीर्णोद्धार करत होते, आणि हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्याच्या डोक्यावर कुठल्याच सत्तेचे छत्र राहिले नव्हते. कालपर्यंत ख्रिस्ती असण्यात फायदा होता असे समजू. आज तो उरला नव्हता. तरीही बहुसंख्य लोक राहिले. का राहिले?

मला वाटते, वसईच्या कॅथलिक इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे सोपे उत्तर ‘त्यांची श्रद्धा अढळ होती’ असे दिले जाते. ते उत्तर मी नाकारत नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. त्याच्या जोडीला बाकीच्या गोष्टी मांडून पाहाव्या लागतात. दोनशे वर्षांत रोटी-बेटीचे दरवाजे बंद झाले होते; परत जायचे तर कुठल्या पंगतीत बसायचे हा साधा प्रश्न होता. नव्या कारभाऱ्यांनाही वाड्या पिकवणारे हात हवे होते, वसूल हवा होता. शेतकऱ्याला त्याच्या प्रार्थनेवरून उठवून लावण्यात कुणाचे हित नव्हते. आणि धर्ममाता-धर्मपित्याचे नाते होते. प्रत्येक मूल रक्ताच्या घराबरोबर आणखी एका घराशी बांधले जाई. दोन-तीन पिढ्यांत अशा गाठींनी सगळी वाडी विणली जाते. धर्मगुरू महिनोन्महिने आला नाही तरी ही वीण सुटत नाही. आळीच्या तोंडाशी क्रूस असतो, म्हातारी माणसे प्रार्थना पाठ म्हणतात, अडल्या वेळी स्नानसंस्कार साधा माणूसही देऊ शकतो. चर्चचा नियमच तसा आहे.

म्हणून मी म्हणतो की नंदाखालसारखा धर्मग्राम दोनदा वसला. एकदा १५७३ मध्ये, मिशनऱ्यांच्या हातून, सत्तेच्या सावलीत. दुसऱ्यांदा १७३९ नंतर, कुणाच्याही हातून नव्हे. या दुसऱ्या स्थापनेला संस्थापक नाही, कोनशिला नाही, सालही नाही. त्यामुळे तिचा महोत्सव करता येत नाही. पण आजचा धर्मग्राम तिचा वारस आहे.

शंका असेल त्याने वसईच्या किल्ल्यात जावे. तिथले सेंट जोसेफ म्हणजे शहराचे मुख्य चर्च, पोर्तुगीज त्याला ‘मात्रिझ’ म्हणत. १६०१ मध्ये आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात त्याची पुनर्बांधणी झाल्याचा शिलालेख तिथे होता, जे. गर्सन द कुन्हा यांनी १८७६च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात वसईचे असे लेख नोंदवून ठेवले, हे त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. ते चर्च सर्वांत भक्कम, सर्वांत श्रीमंत, आणि आज आभाळाखाली उघडे. त्याच्या मनोऱ्यावर झाडोरा वाढला आहे. त्याचे धर्मग्रामवासी पोर्तुगीज अंमलदार, सैनिक, व्यापारी होते. ते गेले तसा धर्मग्राम गेला. वाडीतले चर्च त्या मानाने साधे, पण त्याच्या भोवती माणसे होती. किल्ल्यात आज पुन्हा उपासना होते ती जुन्या जेजुइट चर्चमध्ये, संत गोन्सालो गार्सिया याच्या नावाने, आणि तिथे सणाला जमणारे लोक येतात ते आजूबाजूच्या गावांतून. हा गोन्सालो वसईचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत घोषित झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. स्मरणिकांत त्याला हक्काचे पान असते. त्या आईचे नाव मात्र त्या पानावर मी अजून वाचलेले नाही.

एकोणिसाव्या शतकावर मी फार वेळ घालवणार नाही. पोर्तुगालच्या राजाचा चर्चवरचा जुना हक्क आणि रोमने थेट नेमलेले बिशप यांच्यातला झगडा मुंबई-साष्टीत घरे फोडण्याइतका पेटला होता. १८८६च्या करारात दमणचा धर्मप्रांत निघाला आणि १९२८ मध्ये त्याचा इथला भाग मुंबईत विलीन झाला. आमच्या लेखकांना या भांडणाचे विलक्षण आकर्षण आहे, पानेच्या पाने त्यात जातात. वाडीतल्या माणसाच्या आयुष्यात त्याहून मोठा फरक १८६७ मध्ये विरारपर्यंत धावलेल्या आगगाडीने केला. भाजी, फुले, केळी, दूध मुंबईच्या बाजारात पोचू लागले. त्या पैशातून शाळा, घरे आणि अर्थातच चर्चची वाढ झाली असणार. वर्गणीच्या वह्या कुणी धुंडाळल्या तर हे नक्की सांगता येईल.

भाषेपाशी मात्र थांबायला हवे, कारण धर्मग्रामाचा हा तिसरा जन्म म्हणता येईल आणि याचे साल निश्चित सांगता येते. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला आणि लोकभाषेला वेदीवर जागा मिळाली. तोवर मिस्सा लॅटिन, चर्चच्या कागदपत्रांची भाषा लिहिणाऱ्याच्या सोयीची, आणि घरात कादोडी किंवा वाडवळी. आता धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मराठी बोलू लागला. वसईत त्याची तयारी आधीपासून होती. ‘सुवार्ता’ मासिक १९५५ पासून निघत होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचेच. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. सिसिलिया कार्व्हालोंसारख्या लेखिका याच मातीतून आल्या. चारशे वर्षे ज्या घरांची नावे परक्या लिपीत लिहिली गेली, त्या घरांतून मराठी लेखक निघाले, ही गोष्ट वसईच्या बाहेरच्या मराठी वाचकाने पुरेशा कुतूहलाने पाहिलेली नाही. दिब्रिटोंच्या निवडीवर जो गदारोळ झाला त्यात धर्माची चर्चा झाली. या भाषिक प्रवासाची जवळजवळ नाहीच.

पण इथेही स्मरणिकांशी माझा वाद आहेच. वेदीवर मराठी आली ती प्रमाण मराठी. कादोडी आली नाही. म्हातारीला लॅटिन कळत नव्हते, तशी ‘परमपावन’ आणि ‘अभिषिक्त’ ही मराठीही फारशी कळत नव्हती. तिने ती आदराने स्वीकारली, एवढेच. लग्नातली गाणी, भांडणे आणि लाड घरच्या बोलीत राहिले. देवाशी बोलायची भाषा आणि गाईशी बोलायची भाषा यांत पुन्हा एक उंबरा तयार झाला. तो लॅटिनइतका उंच नव्हता, हे खरे. पण लोकभाषेचा विजय म्हणून ही कथा सांगताना लोकांच्या भाषेचे काय झाले, तेही सांगायला हवे.

आणि आता ‘वाढ’. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. जुन्या धर्मग्रामांतून नवे निघाले. स्मरणिकेत याची आकडेवारी असते: इतकी कुटुंबे, इतके स्नानसंस्कार, इतक्या संघटना. स्टेशनच्या बाजूला इमारती उठल्या, त्यांत राहायला कोकणी, मल्याळम, तमिळ बोलणारे कॅथलिक आले, आणि रविवारच्या मिस्सांची विभागणी भाषेवर होऊ लागली. आलेल्या माणसांचे हक्काने स्वागत व्हायला हवे; ‘पारोइकिया’चा मूळ अर्थ त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरा आहे. पण त्याच काळात जुन्या वाडीत बावखले बुजली, विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच धर्मग्रामांच्या अंगणांतून, हिंदू शेतकऱ्यांना सोबत घेऊन. माझ्या हिशेबाने ती धर्मग्रामाच्या इतिहासातली मध्यवर्ती घटना आहे. स्मरणिकांत ती बहुधा ‘सामाजिक कार्य’ या मथळ्याखाली, रक्तदान शिबिराच्या शेजारी सापडते. जमीन विकली गेली की वाडी जाते, वाडी गेली की आळीचा क्रूस रस्तारुंदीत येतो, आणि १७३९ नंतर ज्या विणीने धर्मग्राम धरून ठेवला ती उसवते. कुटुंबांचा आकडा मात्र वाढतच राहतो. वाढ मोजण्याची ही पद्धत मला म्हणूनच फसवी वाटते.

नंदाखालला २०७३ मध्ये पाचशे वर्षे होतील. त्या वेळची स्मरणिका समिती आज बहुधा जन्मलेलीही नाही. तिच्यासाठी काम आतापासून करून ठेवता येईल. धर्मगुरूंचा तक्ता तयारच आहे, त्याची काळजी नको. प्रत्येक आळीतल्या क्रुसाचा फोटो, तो कुणी आणि कशासाठी उभारला ही घरात सांगितली जाणारी हकिगत, बावखलांची नावे आणि त्यांच्या जागी आता काय आहे ते, लग्नाची कादोडी गाणी म्हणणाऱ्या बायकांचा आवाज, आणि स्नानसंस्काराच्या वहीतून निवडलेली दर पन्नास वर्षांची एकेक पाटी: मुलाचे नाव, बापाचे, आईचे, गावाचे, आणि शेवटच्या रकान्यातले धर्ममातेचे.